गळ आधी, काठी शेवटी

भातकापणीचे दिवस जवळ आले, ओढ्यांचे गढूळ पाणी निवळू लागले की आपल्या रायगडच्या गावांमध्ये मुलांना आणि मोठ्यांनाही गळाची आठवण येते. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, रोहा, तळा, महाड, कुठेही जा. शाळा सुटल्यावर दोन-चार पोरे तळ्याच्या बांधावर बसलेली दिसतातच. पूर्वी बांबूची काठी, थोडी दोरी आणि परसातली गांडुळे एवढ्यावर काम भागायचे. आता मोबाइलवर चकचकीत रॉड, रीळ आणि रंगीबेरंगी खोटे मासे दिसतात. एकाच डब्यात शंभर वस्तू, आणि त्याही स्वस्तात! मुले हट्ट धरतात. आखातातून सुट्टीवर येणारे मामू किंवा चाचा तिकडच्या समुद्रावर वापरायचा जाडजूड रॉड प्रेमाने घेऊन येतात. महिन्याभरात तो रॉड माळ्यावर जातो, कारण गावच्या तळ्यातल्या बोटभर चिलापीला तो काही कामाचा नसतो.

आमच्या मते, यात चूक हट्टाची नसून खरेदीच्या क्रमाची आहे. आपण काठीपासून सुरुवात करतो आणि गळाच्या आकड्याचा विचार सर्वांत शेवटी करतो. खरा क्रम याच्या उलट आहे. आधी पाणी, मग मासा, मग माशाचे तोंड, त्या तोंडाला साजेसा आकडा, आकड्याला साजेशी दोरी, आणि सर्वांत शेवटी काठी. हा क्रम पाळला तर पैसे वाचतातच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तोंडात आकडा रुतलेला, तुटकी दोरी ओढत फिरणारा जखमी मासा मागे राहत नाही. अल्लाहने दिलेल्या रिझ्कची अशी नासाडी आपल्या हातून का व्हावी?

आपले पाणी ओळखा

रायगडच्या नद्या लांबीने लहान आहेत. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री या सह्याद्रीत उगम पावतात आणि थोडे अंतर धावून समुद्राला मिळतात. भरतीचे खारे पाणी त्यांच्या पात्रात दूरवर आत येते. त्यामुळे एकाच नदीत तीन प्रकारचे पाणी भेटते. वरच्या अंगाला खडकाळ, थंड, वाहते गोडे पाणी. मध्ये संथ डोह. खाली खारे-गोडे मिसळलेले खाडीचे पाणी. याशिवाय गावतळी, शेततळी आणि धरणांचे जलाशय आहेतच. पेण-अलिबागच्या खारेपाटातली घरामागची तळी तर जिताड्यासाठी प्रसिद्ध आहेत.

प्रत्येक पाण्यातला मासा वेगळा आणि त्याची खाण्याची रीतही वेगळी. म्हणून दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी, किंवा मोबाइलवर बोट ठेवण्यापूर्वी, स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आम्ही कुठल्या पाण्यावर बसणार आहोत? उत्तर ठाऊक नसेल तर नदीकाठच्या कातकरी बांधवांना विचारावे. कुठल्या डोहात कोणता मासा आहे आणि तो कधी वर येतो, हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही. मात्र एक भान ठेवावे. आपल्यासाठी जी रविवारची करमणूक आहे, ती त्यांच्यासाठी रोजची भाकर आहे. त्यांनी लावलेल्या जाळ्याजवळ गळ टाकू नये.

माशाचे तोंड पाहा

बाजारातून मासा आणला की स्वयंपाकघरात तो साफ करण्यापूर्वी मुलांना त्याचे तोंड दाखवावे. हा छान धडा आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

कटल्याचे तोंड वरच्या बाजूला उघडते, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहूचे तोंड किंचित खाली वळलेले असते, तो मधल्या आणि खालच्या थरात खातो. मृगळ तर तळाशी चिखल चाळतो. हे तिघे शिकारी नाहीत. ते कोंडा, शेवाळ, बारीक जीव असे खाणे ओढून घेतात. त्यांच्यापुढे कितीही महागडा खोटा मासा नाचवला तरी ते ढुंकून पाहत नाहीत. त्यांना पिठाची गोळीच हवी.

चिलापी, म्हणजे तिलापिया, हा मूळचा आफ्रिकेतला मासा. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला आणि आता जवळजवळ प्रत्येक तळ्यात आहे. तोंड लहान, खाणे कुरतडत. मुलांनी गळ शिकावा तो याच्यावर. तो लवकर लागतो, मुबलक असतो आणि चार काढल्या तरी तळ्याचे नुकसान होत नाही.

मरळ हा खरा शिकारी. चिखलाच्या तळ्यात, भातशेताच्या पाटात, पाणवनस्पतींखाली दबा धरून बसतो. त्याला हवेतला श्वास घ्यावा लागतो, म्हणून तो मधूनमधून पृष्ठभागावर येतो आणि बुडबुडा सोडतो. जबडा रुंद आणि कडक, दात तीक्ष्ण. बेडूक, लहान मासे हे त्याचे खाणे.

जिताडा हा आपल्या जिल्ह्याचा मान. तो अंडी खाऱ्या पाण्यात घालतो, पण पिल्ले गोड्या पाण्याकडे चढतात आणि तिथे वाढतात. तोंड मोठे, भक्ष्य तो पाण्यासकट एका झटक्यात आत ओढतो. त्याचे ओठ कानशीसारखे खरबरीत आणि कल्ल्याचे झाकण सुरीसारखे धारदार. बारीक दोरी तिथे टिकत नाही.

खडस, म्हणजे महासीर, वरच्या खडकाळ डोहांतला. जबड्यात दात नाहीत, पण घशात असे दात असतात की कच्चा आकडा चिरडून टाकतात. सह्याद्रीतला हा मासा जगावा म्हणून लोणावळ्याजवळच्या वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्ले तयार करून जलाशयांत सोडली गेली. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळणकोंडीत तेथील लोक देवीच्या श्रद्धेने या माशांना हात लावत नाहीत. शेजाऱ्यांच्या या श्रद्धेचा मान राखून तिथे कोणी गळ नेऊ नये. इतर ठिकाणीही खडस गळाला लागला तर सोडून द्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगू.

आकडा: लहान वस्तू, मोठे काम

आपल्याकडे गळाच्या आकड्याला गरी म्हणतात. गरीच्या पाकिटावरचे नंबर पाहून बहुतेक जण गोंधळतात. नियम सोपा आहे. साध्या नंबरांत आकडा जितका मोठा तितकी गरी लहान. म्हणजे १२ नंबरची गरी ६ नंबरच्या गरीपेक्षा लहान. १ नंबरपुढे हिशेब उलटतो आणि १/०, २/०, ३/० अशी खूण येते. तिथे आकडा वाढेल तशी गरी मोठी होते.

चिलापीसाठी १० किंवा १२ नंबर पुरे. रोहू आणि मृगळासाठी ४ ते ६. मरळ आणि जिताड्यासाठी २/० ते ४/०. लहान तोंडाच्या माशाला मोठी गरी लावली तर तो फक्त आमिष कुरतडून जातो. उलट मोठ्या तोंडाच्या माशाला अगदी लहान गरी दिली तर तो ती थेट गिळतो, आणि मग त्याला जिवंत सोडण्याचा मार्गच उरत नाही.

गरीच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो. नवशिक्या मुलासाठी तो पकडीने दाबून सपाट करावा. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सहसा सुटत नाही, आणि चुकून गरी बोटात गेली तर ती सहज निघते. उलटा काटा शाबूत असलेली गरी बोटात रुतली तर घरी ओढाताण न करता डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. तीन तोंडांच्या गरी लहान मुलांच्या हातात देऊच नयेत.

गरी ही स्वस्त वस्तू आहे, पण कंजुषी नेमकी इथेच होते. शंभर वस्तूंच्या स्वस्त डब्यातली गरी पकडीत धरून वाकवून पाहा. तारेसारखी वाकली आणि तशीच राहिली तर ती टाकून द्या. चांगली गरी किंचित लवते आणि परत जागेवर येते. टोक नखावर हलके टेकवून सरकवावे. ते नखाला अडकले तर धार आहे, घसरले तर नाही.

तंगूस आणि गाठ

नायलॉनच्या दोरीला आपल्या किनाऱ्यावर तंगूस म्हणतात. त्याच्या रिळावर जाडी मिलिमीटरमध्ये आणि ताकद किलोत किंवा पौंडात लिहिलेली असते. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. चिलापीसाठी ०.२० मिलिमीटरचा तंगूस पुष्कळ होतो. रोहू-कटल्यासाठी ०.३० ते ०.३५ मिलिमीटर घ्यावा. मरळ पाणवनस्पतींत घुसतो आणि जिताडा खुंटांकडे पळतो. तिथे विणलेली दोरी उपयोगी पडते, कारण ती बारीक असूनही खूप ताकदीची असते आणि ताणली जात नाही. पण खडकावर किंवा जिताड्याच्या ओठांवर घासली की ती लवकर तुटते. म्हणून तिच्या पुढच्या टोकाला हातभर जाड तंगूस जोडावा.

दोरी तुटते ती बहुतेक वेळा गाठीत. गाठ आवळण्यापूर्वी ती पाण्याने ओली करावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने नायलॉन तापते आणि कमजोर होते. गाठ बांधल्यावर एकदा जोराने ओढून पाहावे. तुटायचीच असेल तर ती किनाऱ्यावर तुटलेली बरी, माशाच्या तोंडात नको. तंगूस उन्हात ठेवला तर कुजतो, म्हणून तो घरात सावलीला असावा आणि वर्षाकाठी बदलावा. तुटलेला तुकडा पाण्यात किंवा बांधावर टाकू नये. बगळ्यांचे, खंड्यांचे पाय त्यात गुंततात. खिशात घालून घरी आणावा आणि बारीक कापून कचऱ्यात टाकावा.

दोरीला वजनासाठी शिशाचे मणी लावतात. मुले ते दातांनी दाबतात. ही सवय ताबडतोब मोडावी. शिसे विषारी आहे. मणी पकडीने दाबावेत आणि खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

आमिष: खरे की खोटे?

रोहू-मृगळासाठी आमिष घरच्या स्वयंपाकघरात तयार होते. गव्हाचे पीठ, भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड एकत्र घट्ट मळावी. गोळी पाण्यात लवकर विरघळू नये म्हणून मळताना चिमूटभर कापूस पिंजून मिसळावा. चिलापीला गांडुळाचा तुकडा किंवा साधी कणीकही चालते.

शिकारी माशांचा प्रश्न वेगळा आहे. मरळासाठी जिवंत बेडूक गरीला अडकवून पाण्यात सोडण्याची पद्धत अनेक गावांत आहे. आम्हाला ती पटत नाही. माशाला जिबह लागत नाही, तो आपल्याला हलाल आहे. पण याचा अर्थ एखाद्या जिवाला विनाकारण तडफडवण्याची मोकळीक मिळाली असा होत नाही. जिवंत प्राण्याला बांधून निशाण्याची वस्तू करू नये, ही आपल्या पैगंबरांची (स.) शिकवण सर्वांना ठाऊक आहे. शिवाय बेडूक शेतातले किडे खातो, तो शेतकऱ्याचा मित्र आहे. इथे रबरी बेडूक कामाला येतो. त्याची गरी पाठीला चिकटून वर वळलेली असते, त्यामुळे ती वनस्पतींत अडकत नाही. मरळाने चावा घेतला की रबर दबते आणि गरी बाहेर येते. फक्त एक लक्षात ठेवावे: पाण्यात खळबळ होताच हिसका देऊ नये. एक-दोन क्षण सब्र करावा, मग काठी उचलावी.

खोट्या आमिषाचा इतिहास मजेदार आहे. धातूच्या चमच्यासारखे आमिष, ज्याला स्पून म्हणतात, ते एकोणिसाव्या शतकातले. अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल यांनी १८५२ मध्ये अशा आमिषाचे पेटंट घेतले. लाकडी माशाची गोष्ट फिनलंडची. लाउरी रापाला हा गरीब मच्छीमार होता. शिकारी मासा लहान माशांच्या थव्यातून नेमका कोणाला उचलतो, हे तो होडीतून निरखत असे. त्याच्या लक्षात आले की जो मासा जरा वेडावाकडा, लंगडत पोहतो, त्याच्यावर आधी झडप पडते. १९३६ मध्ये त्याने चांभाराच्या सुरीने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटवरचा चंदेरी कागद लावला आणि वर फोटोच्या फिल्म वितळवून त्यांचा लेप दिला. तो खोटा मासा पाण्यात लंगडत पोहायचा. पुढे त्यातून जगभर पोहोचलेला कारखाना उभा राहिला. पण लक्षात घ्या, रापालाने आधी मासा पाहिला आणि मग आमिष बनवले. दुकानात आपण रंग पाहून आमिष घेतो. ते रंग पुष्कळदा माशापेक्षा आपल्याच डोळ्यांना भुलवण्यासाठी असतात.

म्हणून खोटी आमिषे शंभर घेऊ नयेत, चार पुरेत. मरळासाठी एक रबरी बेडूक. जिताड्यासाठी बोटभर लांबीचा एक तरंगता मासा आणि शेपटी हलवणारा एक रबरी मासा. आणि एक चंदेरी स्पून. पाणी स्वच्छ असेल तर चंदेरी आणि फिके रंग, गढूळ असेल तर गडद रंग किंवा आत मणी वाजणारे आमिष वापरावे. खेचण्याचा वेग बदलत राहावा. खोटे आमिष जिवंत वाटते ते रंगाने कमी आणि चालीने जास्त.

आता काठी

चिलापीसाठी आजही भरीव, वाळलेला बांबू उत्तम. आठ-दहा फुटांची सरळ काठी, तितकीच दोरी आणि भेंडाचा किंवा बुचाचा तरंगा. यावर मूल जे शिकते ते महागड्या रिळावर शिकत नाही.

रीळ लावायचे असेल तर सहा ते सात फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड घ्यावा. मुठीजवळ आमिषाचे वजन लिहिलेले असते, उदाहरणार्थ १० ते ३० ग्रॅम. आपण निवडलेले आमिष त्या मर्यादेत बसते का ते पाहावे. तिथेच दोरीची ताकदही लिहिलेली असते. फायबरग्लासचा रॉड जड पण दणकट, मुलांच्या हातात तोच द्यावा. कार्बनचा रॉड हलका आणि संवेदनशील, पण आपटला की तडकतो. कार्बनमधून वीज वाहते हेही विसरू नये. विजेच्या तारांखाली तो उभा करू नये. आभाळ गडगडू लागले की कोणतीही काठी खाली ठेवून घर गाठावे.

रीळ साधे, न फिरणाऱ्या चाकाचे, २५०० किंवा ३००० आकाराचे पुरे. त्यावर ड्रॅगची चकती असते. मासा जोरात ओढू लागला की दोरी किती ताणावर सुटावी हे ती ठरवते. दोरीच्या ताकदीच्या सुमारे पाव भागावर ती लावावी. दोरी आठ किलोची असेल तर दोन किलोच्या ओढीला चाक फिरले पाहिजे. हे घरच्या स्प्रिंगच्या वजनकाट्यावर मोजता येते. सातवी-आठवीच्या मुलांना विज्ञानातले ‘बल’ हे प्रकरण याहून चांगले कोण शिकवणार?

खरेदीत ज्या दोन वस्तू कोणी सांगत नाही त्याही घ्याव्यात: एक लांब नाकाची पक्कड आणि एक जाळीची झोळी. झोळीमुळे मासा किनाऱ्यावर आपटत नाही. शिंगटीसारख्या माशाचे काटे हाताला लागत नाहीत. खायचा मासा बाहेर काढताच लाकडाच्या दांडक्याने डोक्यावर एक नेमका फटका द्यावा. त्याला पिशवीत तासभर तडफडत ठेवू नये. असा मासा चवीलाही चांगला लागतो. सोडायचा मासा ओल्या हातानेच धरावा आणि लगेच पाण्यात सोडावा.

काठावरची शिस्त

फजरनंतरचे दोन तास आणि असरनंतर मगरिबपर्यंतचा वेळ गळासाठी उत्तम. पण मुलांना एकटे पाठवू नये. कुंडलिकेला भिरा येथील वीजकेंद्रातून पाणी सोडले जाते. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. पाऊस नसतानाही पाणी पाहता पाहता चढते, आणि पात्रातल्या खडकावर बसलेला माणूस अडकतो. महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत, तिथे पाण्यात पाय सोडून बसणे म्हणजे जिवाशी खेळ. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये, कोकणात लेप्टोचा धोका असतो.

तळी आणि धरणे पुष्कळदा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असतात. तिथले मासे त्यांनी पैसे घालून सोडलेले असतात. न विचारता काढलेला मासा हा दुसऱ्याच्या हक्काचा माल होतो, मग तो गळाने काढलेला का असेना. ग्रामपंचायतीत किंवा संस्थेत विचारून, फी असेल तर भरून बसावे. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणे तर १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच गुन्हा आहे.

आणि पहिल्या पावसाचे चढणीचे मासे! त्या दिवसांत मासे पोटात अंडी घेऊन ओढ्यातून वर, भातखाचरांकडे चढतात. त्यांना पकडण्याची मौज जुनी आहे, आम्ही जाणतो. पण तेव्हा मारलेल्या एका मादीबरोबर पुढच्या वर्षीचे हजारो मासे जातात. तसेच लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर दिसला तर त्याखाली मरळाचे आई-बाप राखण करीत असतात. तिथे गळ टाकू नये. ते गेले की पिल्ले दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. जिताडा जन्मतः नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी बनतो. म्हणजे खाडीतला सर्वांत मोठा जिताडा बहुधा मादी. घरात खायला मध्यम आकाराचा पुरेसा असेल तर तिला जाऊ द्यावे.

एवढे घ्या

ज्या घरात यंदा पहिल्यांदाच खरेदी होणार आहे, त्यांच्यासाठी यादी अशी: १० नंबरच्या चांगल्या गरींचे एक पाकीट, ०.२० मिलिमीटरचा तंगूस, दोन तरंगे, थोडे वजनाचे मणी, एक पक्कड, एक झोळी आणि बांबूची काठी. वर्षभर मुलाने यावर हात बसवला, गाठ नीट बांधू लागला, तुटलेली दोरी घरी आणू लागला आणि नको असलेला मासा न दुखवता सोडू लागला, की पुढच्या वर्षी रीळ आणि रॉड घ्यावा. आखातातल्या चाचांना निरोप पाठवायचाच असेल तर रॉड नको, चांगल्या गरींची चार पाकिटे आणा, असे सांगावे. सामानात ओझे होत नाही आणि पुढची तीन वर्षे पुरतात.